रकाना रिकामा ठेवायचा नसतो

बोंद्रेकाकांच्या घरी मी पहिल्यांदा चहा प्यायले, तेव्हा शेवटचा घोट घेताना कपाच्या बुडाला चिकटवलेली एक पिवळी चिठ्ठी हाताला लागली. कप उलटा करून पाहिलं तर बारीक, फूटपट्टी लावून काढल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं : ‘खरेदी १९९८. सहांचा संच, उरले चार. कान शाबूत. कडेला टवका एक. आजची किंमत ४० सेंट.’

मी घाईघाईने कप बशीत ठेवला.

‘घाबरू नकोस,’ काका म्हणाले, ‘टवका आधीचाच आहे. लिहिलाय बघ.’

आम्ही नुकतेच जर्मनीत बोब्लिंगेनला राहायला आलो होतो. मी आणि समीर दोघंही नाशिकचे, दोघंही गाड्यांच्या कंपन्यांत, आणि कडेवर वर्षाची इरा. दुसऱ्या मजल्यावर आमचं घर, बरोबर खाली पहिल्या मजल्यावर बोंद्रे. पाटी वाचून समीरला एवढा आनंद झाला की त्याने खोकी वर न्यायच्या आधी त्यांची बेल वाजवली. दार वसुधाकाकूंनी उघडलं. ‘अगंबाई, मराठी!’ म्हणाल्या आणि तिथूनच आत ओरडल्या, ‘अहो, आधण वाढवा!’ मग तो चहा आणि मग तो कप.

त्या दिवशी मी मान वळवून पाहिलं, तर चिठ्ठी नाही अशी वस्तू त्या घरात शोधावी लागत होती. दिव्याला चिठ्ठी, रेडिओला चिठ्ठी, छत्रीच्या दांड्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. मला वाटलं, ही माणसं घर विकून भारतात निघाली असावीत. काकूंनी माझा चेहरा ओळखला. ‘कुठे जात नाही आम्ही,’ त्या म्हणाल्या. ‘हे यांचं दानधर्माचं खातं आहे.’

ते खातं समजायला मला वर्ष लागलं. जर्मनीत एखाद्या धर्मादाय संस्थेला तुम्ही घरातली वापरलेली वस्तू दिलीत, तर तिची आजची बाजारातली किंमत तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजा होऊ शकते. अट एकच, संस्थेची पावती हवी. पण त्या एका अटीत पाच रकाने असतात : वस्तू कोणती, किती जुनी, घेतली कितीला, अवस्था कशी, आणि आज तिचे किती येतील. सामान्य माणूस हे पाच रकाने पाहतो आणि वस्तू तळघरात नेऊन ठेवतो. बोंद्रेकाकांना मात्र हे पाच रकाने पाहून घरी आल्यासारखं वाटायचं. आयुष्यभर त्यांनी गेर्लिंगेनच्या एका मोठ्या कंपनीत सुट्या भागांची तपासणी केली होती. निवृत्त झाल्यावर तपासायला भाग उरले नाहीत, तेव्हा त्यांनी घर तपासायला घेतलं.

आणि एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, हा त्यांचा धर्म. ‘रकाना रिकामा ठेवायचा नसतो, मृणाल,’ ते मला वर्षातून दहा वेळा तरी सांगत. ‘रिकामा रकाना म्हणजे एक तर तुला माहीत नाही, नाहीतर तुला सांगायचं नाही. दोन्ही वाईट.’

मिरजेहून हा माणूस ऐंशीच्या दशकात इथे आला. उंची बेताची, मिशी पांढरी पण कापलेली एका पातळीत, आणि शर्टाच्या खिशात सदैव पिवळ्या चिठ्ठ्यांची गड्डी व पेन्सिल. मराठी अस्सल मिरजेचं, पण मधूनच ‘गेनाऊ!’ म्हणत. म्हणजे ‘अगदी बरोबर’. हा शब्द ते असा उच्चारायचे की समोरच्याला परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाल्यासारखं वाटायचं. मला तो सहा वर्षांत चारेकदा मिळाला असेल.

कर भरायचे दिवस जवळ आले की आसपासच्या मराठी घरांत काकांना मागणी येई. कोणी टोस्टर घेऊन येई, कोणी मुलाची सायकल, कोणी सासूबाईंनी दिलेला डिनरसेट. येताना सगळ्यांना वाटायचं की काका किंमत वाढवून देतील. काका किंमत कमी करून द्यायचे. एकदा सिंडेलफिंगेनच्या कुलकर्ण्यांनी आपला सोफा दान करायचं ठरवलं आणि त्याची किंमत स्वतःच आठशे युरो धरली. काका त्यांच्याकडे गेले, सोफ्यावर बसले, डोळे मिटले, थोडे डावीकडे सरकले, पुन्हा बसले. कुलकर्णीवहिनी सांगतात, पाच मिनिटं घरात कोणी श्वास घेतला नाही. मग काका डोळे उघडून म्हणाले, ‘डावी स्प्रिंग बोलते. साठ.’

‘काका, आम्ही तो दोन हजारांना घेतलाय!’

‘तो रकाना वेगळा.’

कुलकर्णी चिडले. पण पावती साठचीच झाली, कारण धर्मादाय दुकानातल्या फ्राऊ ग्लॉक काकांच्या शब्दाबाहेर जात नसत. हे दुकान म्हणजे सोझियाल-काउफहाउस. दान आलेल्या वस्तू तिथे गरजूंना अगदी स्वस्तात मिळतात. फ्राऊ ग्लॉक तिथल्या प्रमुख. काका त्यांच्याकडे वस्तू नेत त्या चिठ्ठीसकट, आणि बाईंना फक्त नक्कल उतरवावी लागे.

कपड्यांना मात्र ते हात लावत नसत. ‘वापरलेल्या कपड्याला आज किंमत नाही,’ म्हणायचे. ‘द्यायचा तर दे. पावती मागू नकोस.’

एकदा तर कहर झाला. काकांनी एक टेबललॅम्प दान केला, बारा युरोची पावती घेतली, वजावटही मागितली. महिन्याभराने दुकानात गेले तर लॅम्प परत आलेला. बटण अधूनमधून अडकत होतं. दुसरा कोणी असता तर खांदे उडवून घरी आला असता. काकांनी फिनान्झआम्टला, म्हणजे आपल्या कर कार्यालयाला, पत्र लिहिलं की माझ्याकडून दिव्याची किंमत चार युरोने जास्त धरली गेली आहे, कृपया दुरुस्ती व्हावी. तिकडून दोन ओळींचं उत्तर आलं की पत्राची नोंद घेतली आहे. ते उत्तर काकांनी लॅमिनेट करून ठेवलंय. पाहुण्यांना दाखवतात.

मला हे सगळं आधी चिकटपणा वाटायचं, खोटं कशाला बोलू. चार युरोची वजावट म्हणजे हातात येणार एखादा युरो, आणि त्यासाठी एवढा कागद! एकदा मी काकूंना तसं म्हणालेही. काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘आम्ही इथे आलो तेव्हा घरात काही नव्हतं गं. एकाने जुना हीटर दिला. चांगला आहे म्हणाला. चांगला काही नव्हता. आठ दिवस मी कोट घालून स्वयंपाक केला. यांना भाषा येईना, कोणाला बोलायचं तेही कळेना. तेव्हापासून यांच्या डोक्यात बसलंय की देणाऱ्याने खरं काय ते लिहून द्यावं. पैशाचं निमित्त आहे.’ मग मात्र हसल्या. ‘पण निमित्त फार लांबलं हे खरं.’

काकू म्हणजे काकांचा बरोबर उलटा कागद. साखर मुठीने घालायच्या, बसची वेळ पाहायच्या नाहीत, इमारतीचा जिना झाडायची आपली पाळी विसरून बागेत जाऊन बसायच्या. आमच्या भागात ही पाळी विसरणं म्हणजे केवढा गुन्हा, ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. काका मुकाट्याने झाडू घेऊन उतरत.

काकांच्या वाढदिवसाला काकूंनी त्यांच्या पाठीवर गुपचूप एक पिवळी चिठ्ठी चिकटवली होती. आम्ही सगळे केक खाताना हसत होतो आणि काकांना कळत नव्हतं का. शेवटी इराने ती ओढून काढली. ‘निर्मिती मिरज. वय : विचारू नये. अवस्था : एक गुडघा बदललेला, आवाज करतो, पण चालू. घेतला कितीला : फुकट, वर हुंडा घेतला नाही म्हणून मिरवतो.’ पाचव्या रकान्यात, ‘आजची किंमत’पुढे, काही नव्हतं.

काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. विनोद त्यांना कळला, पण मन दुसऱ्याच गोष्टीत अडकलं. ‘हा रकाना रिकामा का?’

‘सुचलं नाही,’ काकू म्हणाल्या.

‘असं कसं सुचलं नाही? शंभर लिही. वजा शंभर लिही. पण लिही.’ तो अख्खा दिवस काका त्यावरून कुरकुरत होते.

आता या घरातल्या एका वस्तूबद्दल सांगायला हवं. काकूंकडे अंडी उकडायचं विजेचं यंत्र होतं. जर्मन घरांत असतं तसं, खाली पाणी, वर सात भोकांची ताटली, त्यावर घुमटासारखं झाकण. दोघंही शुद्ध शाकाहारी. काकांच्या कंपनीतल्या कोणीतरी नाताळात दिलेलं, आणि नाकारता आलेलं नाही. काकूंनी ते आठ महिने कपाटात ठेवलं आणि गणपती आले तेव्हा बाहेर काढलं. त्यांच्या लक्षात आलं की अंड्याच्या खळग्यात मोदक अगदी नीट बसतो. खाली कोबीच्या पानाचा तुकडा, वर मोदक. एका वेळी सात. तीन खेपांत एकवीस, एक कमी नाही की एक जास्त नाही. ‘जर्मन लोकांनी आपल्या गणपतीसाठीच काढलंय हे,’ काकू म्हणायच्या, ‘त्यांना अजून कळलेलं नाही एवढंच.’

त्या यंत्राला एक भोंगा होता. पाणी आटलं की घरभर ऐकू जाईल असा कर्कश भुणभुणायचा, आणि बटण बंद करेपर्यंत थांबायचा नाही. आमच्याकडे गणपतीच्या दिवशी बाप्पा आले हे आम्हाला घड्याळाने कळायचं नाही, खालून येणाऱ्या त्या भोंग्याने कळायचं. पहिला भोंगा, सात. दुसरा, चौदा. तिसरा वाजला की मी इराला म्हणायचे, चल, आणि आम्ही खाली उतरायचो. काकांना तो भोंगा सहन व्हायचा नाही. दुपारी एक ते तीन इमारतीत आवाज करायचा नाही, हा नियम ते इमारतीच्या मालकापेक्षा जास्त पाळत. मी एकदा एक वाजून दहा मिनिटांनी मिक्सर लावला तर फोन आला होता, ‘मृणाल, एक वाजून दहा.’ एवढंच बोलून ठेवून दिला. त्यामुळे भोंगा वाजला रे वाजला की ते धावत जाऊन बटण बंद करत आणि काकू आतून म्हणत, ‘अहो, वाजू दे की जरा! देवाला तर कळू दे!’

तीन वर्षांपूर्वी, गणपती होऊन दोन महिने झाले असतील, काकू गेल्या. आजार कळला आणि पाच आठवड्यांत सगळं संपलं. मला अजून त्याबद्दल नीट लिहिता येत नाही. माझी आई नाशिकला, आणि इथे काकू होत्या, एवढंच सांगते.

हॅम्बुर्गहून त्यांची मुलगी आली, महिनाभर राहिली, चला म्हणाली. काका गेले नाहीत. पहिल्यासारखेच राहिले. जिना झाडत होते, लोकांच्या टोस्टरांच्या किमती ठरवत होते, मला ‘एक वाजून दहा’ सांगत होते. मला वाटलं, सावरले. माणूस शिस्तीचा असला की त्याचं दुःखही शिस्तीत असेल असं आपण धरून चालतो, ही माझी चूक.

काकांचा एक नियम होता : ज्या वस्तूला दोन वर्षं हात लागला नाही ती वस्तू घरातून जायची. दर वर्षी मे महिन्यात ते घरभर फिरून अशा वस्तू काढत. या मेमध्ये मी कचरा टाकायला खाली उतरले, तर जिन्यात त्यांचं खोकं दिसलं, शेजारी ते स्वतः. आत एक टोस्टर, एक इस्त्री, आणि वर ते यंत्र. मी तिथेच थांबले.

‘काका, हे?’

‘दोन गणपती झाले. हात लागलेला नाही.’

‘पण काका...’

‘नियम म्हणजे नियम,’ ते म्हणाले आणि खोकं उचललं. मी वरून त्यांच्याकडे बघत राहिले. चिठ्ठी मी वाचली होती : ‘अंडी उकडण्याचे यंत्र, सात अंड्यांचे. खरेदी : नाताळ १९९५ ची भेट, बाजारभाव त्या वेळी ४९ मार्क. झाकणाला चीर एक. भोंगा चालू. या यंत्रात आजवर एकही अंडे उकडलेले नाही. आजची किंमत ३ युरो.’ पाचही रकाने भरलेले.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी त्या धर्मादाय दुकानात गेले. इरा पहिलीत जाणार होती, तिच्यासाठी छोटं टेबल हवं होतं. टेबलांकडे जाताना स्वयंपाकघराच्या फळ्यांपाशी मला काका दिसले. हाक मारणार होते, पण ते जे करत होते ते पाहून मी कपाटाआड झाले. वयाला शोभत नाही हे मलाही कळत होतं.

त्यांनी आधी डावीउजवीकडे पाहिलं. मग चीज वितळवायची तीन मोठी भांडी बाजूला केली आणि मागून ते यंत्र काढलं. खिशातला रुमाल काढून झाकण पुसलं. झाकणावर चिकटवलेला निळा ठिपका बोटाने चाचपला. मग यंत्र होतं तिथे ठेवलं, पुढे तिन्ही भांडी लावली आणि जरा मागे होऊन खात्री केली की काही दिसत नाही. आणि टोपी घालून निघून गेले.

मी सरळ फ्राऊ ग्लॉककडे गेले. त्यांनी एक निःश्वास सोडला.

‘दर मंगळवारी आणि गुरुवारी येतात,’ त्या म्हणाल्या. ‘मला सांगतात, मालाची तपासणी करायला आलोय. मी म्हणते, करा. एकदा ते यंत्र मला सुपाच्या भांड्यात सापडलं, एकदा ब्लँकेटांखाली. मी म्हटलं, हेर बोंद्रे, घेऊन जा ना घरी, मला पैसेही नकोत. तर रागावले. म्हणाले, तुम्ही पावती दिली आहे.’

‘आणि तो निळा ठिपका?’

‘मे महिन्याचा माल. तीन महिन्यांत खपला नाही तर आम्ही ठेवत नाही, भंगारात जातो. शनिवारी निळे ठिपके निघणार.’ मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘दोन बायका अंड्यांचं यंत्र विचारत आल्या होत्या. मी संपलंय म्हणून सांगितलं. माझ्या नोकरीत असं करायचं नसतं.’

तेव्हा मला कळलं की काका कुठल्या कात्रीत सापडलेत. यंत्र कोणी विकत घ्यावं हे त्यांना सोसत नव्हतं, आणि कोणी घेतलं नाही तर शनिवारी ते भंगारात जाणार होतं. आणि स्वतः परत घ्यायचं तर आयुष्यभराची शिस्त आडवी येत होती.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम दही मागायला खाली गेले. बोलता बोलता विचारलं, ‘काका, दिलेली वस्तू परत घ्यावीशी वाटली तर घेता येते का हो?’

काकांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. ‘पावती घेतली असेल तर नाही. त्या पावतीवर आपण वजावट मागणार. उद्या फिनान्झआम्टमधून फोन आला, हेर बोंद्रे, दान केलेली वस्तू तुमच्या ओट्यावर कशी, तर काय सांगणार?’

‘तीन युरोंसाठी कोणी फोन करणार नाही, काका.’

‘गेनाऊ. फोन येणार नाही. म्हणून तर आपलं आपण नीट वागायचं.’

तीन युरो हा आकडा मी कुठून आणला, हे त्यांनी विचारलं नाही. मी म्हटलं, ‘आणि खरंच हवीशी वाटली तर?’

‘कोणाला?’

‘तुम्हाला, समजा.’

‘मला?’ काकांनी दह्याच्या वाटीवर झाकण ठेवलं आणि ते नीट बसलंय की नाही हे दोनदा पाहिलं. ‘मला कशाला हवं? मी अंडी खात नाही.’

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघाले आणि ते यंत्र चार युरोंना विकत घेतलं. फ्राऊ ग्लॉकनी निळा ठिपका नखाने खरवडून काढला आणि मला पावती दिली. मी न मागता दिली. बाईंना माणूस ठाऊक होता.

गणपती दोन आठवड्यांवर होते. तेवढे दिवस यंत्र आमच्या कपड्यांच्या कपाटात होतं. मंगळवारी काका दुकानातून परत आले तेव्हा मी गॅलरीत होते. बसमधून उतरून ते घरात न येता खालच्या बाकावर बराच वेळ टोपी हातात धरून बसले होते. मला पळत जाऊन सांगावंसं वाटलं. पण माझा मी विचार केला होता. नुसतं नेऊन दिलं असतं तर त्यांनी ते घेतलं नसतं. त्या माणसापर्यंत कागदाच्याच वाटेने जावं लागतं.

चतुर्थीला मी सुट्टी काढली. सकाळपासून उकड काढली, सारण केलं, मोदक वळले. कळ्या कशाबशा पाचसहा आल्या. दुपारी बारा वाजून गेल्यावर एका हातात मोदकांचं ताट, दुसऱ्या हातात कापडी पिशवी आणि पुढे इरा, अशी वरात घेऊन मी खाली गेले. काकांनी दार उघडलं. आत छोटा गणपती मांडलेला होता, समोर केळं आणि गुळाचा खडा.

मी पिशवीतून यंत्र काढून ओट्यावर ठेवलं.

काकांनी ते उलटं केलं. बुडाला त्यांच्याच चिठ्ठीचा अर्धा फाटलेला तुकडा अजून चिकटून होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

‘हे कुठून?’

‘विकत घेतलं. पावती आहे.’

त्यांनी पावती घेतली, प्रकाशात धरली, तारीख पाहिली, आकडा पाहिला. ‘चार?’ म्हणाले. ‘मी तीन लावली होती. महाग पडलं तुला.’ आवाज नेहमीचाच होता, पण पावतीची घडी काही केल्या नीट होत नव्हती.

‘काका, मला मोदक उकडायचेत आणि यात पाणी किती घालायचं ते मला येत नाही. आणि आमच्या ओट्यावर याला जागाही नाही. ते इथेच राहिलं तर चालेल का? मी काही तुम्हाला देत नाही हं. वस्तू माझीच. तुम्ही फक्त ठेवायची आणि वापरायची.’

काका विचार करू लागले. मी श्वास रोखून उभी होते, कुलकर्ण्यांच्या सोफ्याच्या वेळी त्या घरातले राहिले असतील तशी.

‘मालकी तुझी,’ ते हळूहळू म्हणाले. ‘ताबा माझा.’

‘गेनाऊ,’ मी म्हटलं.

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग ते माझ्या मोदकांकडे वळले. ‘कळ्या पाच. एकाला चार. अवस्था वापरण्याजोगी,’ असा शेरा दिला आणि कपाटातून मोजायचं छोटं भांडं काढलं. ते त्यांनी दान केलं नव्हतं. ‘कडक अंड्याची खूण आहे ना, तिथपर्यंत पाणी. आणि वर दोन चमचे. ती दोन चमचे जास्त घालायची.’ कोबीचं पान मी आणायला विसरले होते. ते त्यांच्या फ्रिजमध्ये होतं. शाकाहारी, एकट्या माणसाच्या फ्रिजमध्ये कोबी असणारच, असं मी स्वतःला सांगितलं.

इराने एकेक मोदक खळग्यात बसवला आणि मोजला. ‘झीबेन!’ ती ओरडली. सात झाले. ती मराठी सगळं समजते, पण मोजते जर्मनमध्ये.

झाकण लावलं, बटण दाबलं, आणि काका खिशातली गड्डी काढून टेबलाशी बसले. ताब्याची चिठ्ठी करायची होती. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होते. वस्तू : अंडी उकडण्याचे यंत्र. मालक : मृणाल. वापरणार : बोंद्रे. अवस्था : झाकणाला चीर एक, भोंगा चालू. घेतले कितीला : ४ युरो. मग त्यांनी ‘आजची किंमत’ लिहिलं, पुढे दोन ठिपके दिले, आणि पेन्सिल तिथेच राहिली.

यंत्रातलं पाणी उकळायला लागलं. घुमटावर वाफ धरली. पेन्सिल हलेना. इराने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘वारूम श्राइब्स्ट डू निश्ट?’ म्हणजे, तू लिहीत का नाहीस.

‘सुचत नाही,’ काका म्हणाले.

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि चिठ्ठी तशीच, शेवटचा रकाना कोरा ठेवून, यंत्राच्या बाजूला चिकटवली.

एक वाजून वीस मिनिटांनी भोंगा वाजला. तसाच कर्कश, घरभर, आणि नक्की वर आमच्या रिकाम्या घरातही. सवयीने मी बटणाकडे धावले. एक ते तीनमधला वेळ, आणि तोही या घरात! पण काकांनी हात पुढे करून मला अडवलं. ते खुर्चीतून उठले नव्हते. गणपतीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

‘थांब,’ ते म्हणाले. ‘वाजू दे जरा.’